साठ लिटरात मावणारा मासा

३ जानेवारी

आत्या, नमस्कार.

तुला फोन करून उपयोग नाही. पंपांच्या आवाजाने तुझे कान गेले, अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस. म्हणून पत्र. काम तुझ्याच खात्यातलं आहे. मत्स्यालयात नवीन येणाऱ्या माशांची खोली तू तीस वर्षं सांभाळलीस, तर एवढंच सांग: तो निळाशार, पिवळ्या शेपटीचा समुद्री मासा साठ लिटरच्या टाकीत राहील का?

टाकी मी घेऊन बसलोय. बाहेरच्या खोलीत, पुस्तकांचं कपाट सरकवून ठेवली. घेतली पिंगळीसाठी, म्हणजे हिच्या मुलीसाठी. अकरा वर्षांची आहे. मोठ्ठे डोळे करून तासन्‌तास एकाच गोष्टीकडे बघत बसते म्हणून तिची आई तिला पिंगळी म्हणते. आमच्या लग्नाला आठ महिने झाले, तरी पोरगी घरात पाहुण्यासारखी वावरते. पाणी प्यायलं की पेला लगेच धुऊन पालथा घालते. मला काका म्हणते, विचारलं तेवढं बोलते, कधी उलट उत्तर नाही. उलट बोलली असती तर बरं वाटलं असतं गं.

तिच्या वडिलांची आई दुसऱ्या गावी असते, तिचा या पोरीवर फार जीव. लग्नाच्या वेळीच ठरलंय की हे शाळेचं वर्ष इथे काढायचं, उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडे जायचं, आणि पुढे कुठे राहायचं ते तिने स्वतः ठरवायचं. तेव्हा मी मोठ्या मनाने मान डोलावली होती. आता रोज कॅलेंडरची पानं पुढे उलटून बघतो.

माझ्या दुकानाशेजारी माशांचं दुकान आहे. परवा ती तिथे अर्धा तास उभी होती. कुठला आवडला म्हणून विचारलं, तर तिने निळ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, आणू. ही म्हणते, मुलीला लाच देऊ नकोस. लाच नाही गं आत्या. घरात आम्हा दोघांना एकत्र बघत बसायला काहीतरी हवं, एवढंच.

तुझा घड्याळजी

११ जानेवारी

अरे घड्याळजी,

नाही राहणार. पत्र इथेच संपवणार होते, पण पाकिटाला तिकीट लावलंच आहे तर पुढचंही ऐक.

निळा मासा मोठा झाला की तुझ्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेल, आणि त्याला दिवसभर पोहायला लागतं. साठ लिटरात त्याला ठेवणं म्हणजे तुला जन्मभर न्हाणीघरात राहायला सांगणं. दुकानात सगळी पिल्लंच असतात, म्हणून लोक फसतात. तुम्हाला बोटाएवढा, घरकोंबडा मासा हवा. फायरफिश बघ. पुढून पांढरा, मागे लालभडक, पाठीवर एक लांब तुरा, तो सारखा हलवत असतो. दगडाच्या फटीपाशी तरंगतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकच घ्यायचा. फार भित्रा असतो, दचकला की टाकीबाहेर उडी मारतो, म्हणून वर जाळी पाहिजेच.

पण आधी पाणी. समुद्रातून आणलेले जिवंत दगड मिळतात. त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते माशाची घाण खाऊन पाणी निर्विष ठेवतात. दगड टाकल्यावर सहा आठवडे काहीही आणायचं नाही. तुझी बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे ना? तिला दर आठवड्याला पाण्यातला अमोनिया तपासायला सांग. शून्य म्हणजे शून्य.

आमच्या खोलीत एक रीत होती. एकाच माणसाने तीन वेगवेगळ्या दिवशी माशाला खाताना बघितल्याशिवाय तो मासा पास व्हायचा नाही. तूही दुकानात तीनदा जा आणि दुकानदाराला तुझ्यासमोर खायला घालायला सांग. मासा घरी आला की रोज चार ओळी लिहायच्या: कुठे होता, काय खाल्लं, कसं खाल्लं. ती पानं मला पाठव. मला इथे वेळच वेळ आहे आणि शेजारीण बोलून डोकं खाते.

आत्या

२० जानेवारी

आत्या,

ओरडू नकोस. दगड आले. काय ते दगड! शेवाळ, चिखल, एकातून तर अळीसारखं काहीतरी डोकावत होतं. वासाने ही नाक धरून आत गेली. पंचवीस वर्षं माझा धंदा एकाच तत्त्वावर चाललाय की घड्याळात कचरा राहता कामा नये. पार्ट धुवायचं मशीन आहेच माझ्याकडे. ते बशीएवढं, म्हणून दगड हातोडीने फोडले आणि आमचं नेहमीचं पार्ट धुवायचं लिक्विड घालून चार खेपांत धुतले. दातांसारखे पांढरे निघाले. मी ते टाकीत छान रचले, अभिमानाने हिला बोलावलं. ती बघतच राहिली, मग स्टुलावर बसली आणि म्हणाली, आत्यांनी त्यांना जिवंत दगड का म्हटलं असेल?

 पिंगळी मात्र तोंड फिरवून हसत होती, मी पाहिलं.

तुझा घड्याळजी

२७ जानेवारी

गाढवा,

ते दगड फेकून दे. पाणी फेकून दे. टाकी गोड्या पाण्याने पाच वेळा धू, साबण न लावता. नवीन दगड आण आणि त्यांना हात लावू नकोस. सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोज. मुलगी हसली म्हणतोस, म्हणजे दगड अगदीच वाया गेले नाहीत.

आत्या

२६ फेब्रुवारी

आत्या,

मासा आला! तू सांगितलास तोच, फायरफिश. दुकानात तीनदा जाऊन त्याला खाताना बघितलं, आम्ही दोघांनी. पाणी चांगलं आहे, हिने तपासलं, जवळजवळ शून्यच आहे. मासा येऊन आठ दिवस झाले. वहीची पानं सोबत जोडली आहेत.

घरात काय फरक पडलाय म्हणून सांगू. परवा मी आत घड्याळ उघडून बसलो होतो, डोळ्याला भिंग, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग, आणि बाहेरून हाक आली, काका, पटकन या, तो तुरा हलवतोय. स्प्रिंग कुठे उडाली देव जाणे. अजून सापडली नाही आणि मी शोधतही नाही. लग्नानंतर पहिल्यांदा तिने मला आपणहून हाक मारली.

तिची परीक्षा एप्रिलच्या दहा तारखेला संपते. पुढचं तुला माहीत आहे.

तुझा घड्याळजी

११ मार्च

आत्या,

सगळं ठीक. पुढची पानं पाठवतोय. कामाचा रेटा आहे, जास्त लिहीत नाही.

तुझा घड्याळजी

१८ मार्च

अरे,

दोन्ही खेपांची पानं शेजारी ठेवून वाचली. पहिल्या आठ दिवसांत मासा डावीकडच्या सपाट दगडाखाली. खाणं खाली पडू देतो, मग हळूच घेतो. तुऱ्याचं टोक जरा वाकडं, हे तूच लिहिलंयस. मग सत्तावीस तारखेचं पान नाही. अठ्ठावीसपासून मासा उजवीकडे, पंपाजवळ. वरच्या वर झडप घालून खातो. आणि तुझ्याच अक्षरात, 'तुरा सरळ, छान दिसतो.'

तुरा काय इस्त्री करून आणलास?

मासे असे एका रात्रीत स्वभाव बदलत नाहीत. नवीन दगड तीस जानेवारीच्या आधी तुझ्या घरात आले असतील असं मला वाटत नाही, म्हणजे तू सहा आठवडेही थांबला नाहीस. आणि जवळजवळ शून्य म्हणजे काय ते मला तीस वर्षांत कळलं नाही. आधीचा कुठे आहे?

आत्या

२३ मार्च

आत्या,

तुझ्यापुढे काही लपत नाही, हे लहानपणापासून माहीत असूनही लपवायला गेलो.

आधीचा गेला. सत्तावीस तारखेला. ही लॅबमध्ये, पिंगळी शाळेत, मी दुपारी जेवायला घरी आलो तर तो तळाशी आडवा पडलेला. हिने आणखी थांब म्हणून बजावलं होतं, पण परीक्षा जवळ येतेय, ती जाईल, त्याआधी तिने महिनाभर तरी मासा बघावा, या घाईने मी आणला. माझ्या घाईने मेला बिचारा.

मग मी तेच केलं जे रोज करतो. पार्ट गेला की त्याच मापाचा दुसरा बसवायचा आणि घड्याळ चालू करून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. शेजारच्या दुकानातून दुसरा फायरफिश आणला, टाकीतलं अर्धं पाणी बदललं, पिंगळी साडेपाचला आली तेव्हा मी चहा पीत होतो. तिने टाकीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि अभ्यासाला गेली. मला वाटलं, सुटलो.

हिला मी त्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, तू सांग, मी नाही सांगणार. तेव्हापासून रोज ठरवतो आणि रोज उद्यावर ढकलतो. खरं सांगितलं तर ती आजीकडेच राहील, ही भीती आहे. दुसरा मासा ठणठणीत आहे. आता शून्य म्हणजे खरंच शून्य आहे. मग कशाला उकरून काढायचं, असंही वाटतं.

तुझा घड्याळजी

२५ मार्च

आत्याआजी, नमस्कार.

तुम्ही मला बघितलेलं नाही. मी पिंगळी. पत्ता मी काकांच्या टेबलावरच्या पाकिटावरून घेतला, ते त्यांना माहीत नाही.

तुम्ही माशाबद्दल वही लिहायला सांगितली होती, ती काका लिहितात. मी पण एक लिहिते, माझी वेगळी. माझ्या वहीत पहिल्या माशाचं चित्र आहे. त्याच्या तुऱ्याचं टोक वाकडं होतं आणि एका कल्ल्याजवळ करडा ठिपका होता. आता जो आहे त्याला ठिपका नाही. मला त्याच दिवशी कळलं. काकांना वाटतं मला कळलं नाही. ते रोज विचारतात, कसा आहे गं आपला मासा, आणि मी म्हणते, छान आहे. मग ते फार खूश होतात, म्हणून मला बोलता येत नाही.

मी मासा मेला म्हणून रागावले नाही. माझे बाबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. सगळ्यांनी सांगितलं ते कामासाठी लांब गेलेत. दीड महिना सांगत होते. मी त्यांच्यासाठी रोज चित्र काढून ठेवायची, आले की दाखवायला. चाळीस चित्रं झाली होती. मग शाळेतल्या एका मुलीने सांगितलं. आई त्याबद्दल नंतर माझ्याजवळ खूप रडली, तिच्यावर माझा राग नाही. पण तेव्हापासून कुणी सगळं ठीक आहे म्हटलं की मी आधी नीट बघून घेते.

काका चांगले आहेत. त्यांनी दगड धुतले तेव्हा मला खूप हसू आलं. पण ते जर असं करत असतील तर मी इथे कशी राहू? तुम्ही त्यांना ओळखता म्हणून विचारते.

आणखी एक सांगायचं होतं. मला तो निळा मासा हवा होता असं काहीच नव्हतं. काकांनी इतक्या आशेने विचारलं की कुठेतरी बोट करावं लागलं.

पिंगळी

२ एप्रिल

प्रिय पिंगळी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझ्या चाळीस चित्रांचं वाचून मला रडू आलं, ते तुला सांगून टाकते, कारण तुझ्यापासून काही लपवायची सोय नाही.

तुझ्या काकांची वकिली मी करणार नाही, माझं स्वतःचंच तोंड काळं आहे. आमच्या मत्स्यालयात एक मोठा ठिपक्यांचा मासा होता, दारातच. पाटीवर लिहिलं होतं, वय बावीस वर्षं. त्या बावीस वर्षांत तिथे चार मासे होऊन गेले. एक मेला की सकाळी दार उघडायच्या आत मीच दुसरा सोडायची. एक म्हातारे गृहस्थ दर रविवारी त्याला बघायला यायचे. चौथा सोडला त्या रविवारी ते काचेपाशी बराच वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, बाई, हा तोच ना? मी म्हटलं, हो. त्यांनी मान हलवली आणि गेले. पुन्हा कधी आले नाहीत. मला ते 'हो' अजून टोचतं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी खोटं बोलले असं तेव्हा मला वाटायचं. खरं म्हणजे त्यांचा चेहरा उतरलेला मला बघवला नसता, म्हणून बोलले.

तू जे मला लिहिलंस ते मी त्याला सांगणार नाही. माशाचं खरं त्याने आपणहून येऊन तुला सांगायला हवं. सुट्टी लागेपर्यंत त्याला वेळ दे. नाहीच बोलला, तर सरळ विचार, आधीचा कुठे आहे? तो तुझ्याशी खोटं बोलेल असं मला वाटत नाही. पण मी त्याची आत्या आहे, तेव्हा माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस. तू नीट बघून घे.

तुझी आत्याआजी

ता. क. याच टपालात तुझ्या काकांना दोन ओळींचं पत्र टाकलंय: 'सुट्टीच्या आत सांग. नाही सांगितलंस तर मला पत्र लिहू नकोस.'

१४ एप्रिल

आत्या,

सांगितलं. परीक्षा संपली त्या संध्याकाळी. टाकीसमोर दोघं बसलो होतो. तिने नेहमीसारखं काही विचारलंही नव्हतं. मी म्हटलं, पिंगळे, हा तो मासा नाही. पहिला माझ्या घाईने मेला आणि मी तुला न सांगता दुसरा आणला. 

तिने उठून तिची वही आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. सगळं होतं त्यात. सत्तावीस फेब्रुवारीच्या पानावर फक्त एवढंच: 'आज मासा बदलला. काका चहा पीत होते.' आत्या, दीड महिना ती पोर माझं नाटक बघत होती आणि मला वाईट वाटू नये म्हणून छान आहे छान आहे म्हणत होती. मग तिने तिच्या बाबांचं सांगितलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. हिनेही कधी विषय काढला नव्हता, तिला ते बोलवत नाही.

मी म्हटलं, पुन्हा असं करणार नाही. ती म्हणाली, असं सगळेच म्हणतात. रागाने नाही म्हणाली. वीस तारखेला ती आजीकडे जाईल. काल बॅग भरली. सगळी पुस्तकं, सगळ्या वह्या, थंडीतला स्वेटरसुद्धा घेतलाय. उन्हाळ्यात स्वेटर कशाला लागतो, हे मला विचारायचा धीर झाला नाही.

तुझा घड्याळजी

५ मे

आत्या,

दुसराही गेला. या खेपेला पाणी चोख होतं, चूक पुन्हा माझीच. काल सकाळी खायला घातलं, तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं आणि जाळी नीट बसवायची राहिली. दहा मिनिटांनी आलो तर मासा कपाटामागे जमिनीवर. हातात घेतला तेव्हा हलत नव्हता.

मी खरं तेच सांगतो. पहिला विचार तोच आला. शेजारी दुकानात दोन फायरफिश होते, येता-जाता दिसतात. पोरगी शंभर कोस लांब, महिन्याने येणार, तेही आली तर. तिथे तिचं मन कुठे झुकतंय कुणास ठाऊक, आणि अशा वेळी मी फोन करून सांगणार की बाई, तुझा दुसरा मासाही मी मारला? हिलाही विचारलं नाही. तसाच ओल्या हाताने फोन लावला.

आजींनी उचलला. कशासाठी फोन केलाय म्हणून विचारलं. मी म्हटलं, मासा मेला, ते सांगायचंय. त्यांनी पिंगळीला हाक मारली. मग पिंगळी आली. मी सगळं सांगितलं, जाळी, गिऱ्हाईक, कपाटामागे, सगळं. तिने विचारलं, किती वाजता? मी म्हटलं, पंधरा-वीस मिनिटं झाली. ती म्हणाली, बरं. आणि फोन ठेवला.

काल रात्री जेवण गेलं नाही. टाकी चालू ठेवली आहे. दगड जिवंत आहेत, एकावर छोटंसं जांभळं प्रवाळ धरलंय. पण ते बघायला कुणी नाही.

तुझा घड्याळजी

१९ मे

प्रिय आत्याआजी,

मी घरी आले. सुट्टी संपायच्या आधीच आले. आई म्हणते आत्यांना तूच कळव, म्हणून लिहिते.

नवीन मासा आणलाय. काकांना आल्या आल्याच दुकानात जायचं होतं. मी म्हटलं, आधी आई पाणी तपासेल. शून्य आलं. मग आम्ही दुकानात तीन दिवस गेलो. काकांना प्रत्येक वेळी एक सुंदर पिवळा मासा आवडत होता आणि तो प्रत्येक वेळी खायला घातलं की कोपऱ्यात जाऊन बसत होता. मी ब्लेनी जातीचा एक मासा शोधला. बोटाएवढाच, तपकिरी, दिसायला अगदीच साधा. दगडाच्या भोकात शेपटी घालून बसतो आणि फक्त तोंड बाहेर काढून सगळ्यांकडे रागाने बघतो. काका म्हणाले, हा थेट आत्यासारखा दिसतो. हे त्यांनी तुम्हाला लिहू नको म्हणून सांगितलंय. तिन्ही दिवस त्याने दगडावरचं शेवाळ खरवडून खाल्लं. आम्ही त्याला पास केला. जाळीला काकांनी चार क्लिपा लावल्यात, घड्याळाच्या पट्ट्याच्या. आता वही एकच आहे, एक दिवस ते लिहितात, एक दिवस मी.

आजीकडून निघाले त्या दिवसाचंही सांगते. आजीला वाटलं होतं मी तिथेच राहीन. मलाही जाताना तसंच वाटत होतं. काकांच्या त्या फोनवरून आजी अजून खूप चिडलेली होती. म्हणाली, सुट्टीला गेलेल्या पोरीला कुणी मासा मेला म्हणून मुद्दाम फोन करतं का? कसला माणूस आहे हा?

मी तिला म्हटलं, आजी, म्हणूनच मी परत जातेय.

ती थोडी रडली. मग तिनेच माझा स्वेटर घडी करून बॅगेत घातला. दर सुट्टीत मी तिच्याकडे जाणार आहे, असं आम्ही ठरवलंय. राहायला मात्र इथे.

तुमची
पिंगळी